डेपर कोणाच्या मागे चालत नव्हती

दिनांक ९ मे १९६४. सफोकमधल्या आमच्या बाजारगावी नुकतेच एक शेतीसंग्रहालय उघडले. तिथे जिन्याशेजारच्या भिंतीवर नांगराच्या घोड्यांचे, पेंढा भरलेले, दोन कातडी गळपट्टे टांगलेले आढळले. एक पुढे आणि दुसरा त्याच्या पाठीमागे, पावासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसांसारखे. खालच्या पाटीवर सुवाच्य अक्षरांत लिहिले होते: ‘आंधळी घोडी डेपर व तिचा वाटाड्या ब्रॅग’. याविषयी तक्रार केली असता व्यवस्थापकांनी उत्तर दिले की भिंत अरुंद आहे, आणि पाहणाऱ्याला त्याने असा काय फरक पडणार.

फरक पडतो. ती मांडणी चूक आहे, पाटीवरचा ‘वाटाड्या’ हा शब्दही चूक आहे, आणि दोन्ही चुका मुळात एकच आहेत. ती चूक कोणती, हे कळायला हे गळपट्टे ज्याच्या हातांनी चढवले आणि उतरवले गेले, त्या एझ्रा रम्सबीची हकीकत माहीत असावी लागते. व्यवस्थापकांना ती ऐकायला सवड नव्हती. म्हणून ती इथे सांगायची.

एझ्रा रम्सबी हा डेन्शॉल गावच्या पॉप्लर फार्मवरचा पहिला घोडेवान. पहिला म्हणजे मानाने पहिला. सकाळी तबेल्यातून जोड्या बाहेर पडायच्या, त्या त्याची जोडी दारातून गेल्यावरच. दुसरा घोडेवान पर्सी गॅरड त्याच्या मागून, आणि बाकीचे आपापल्या पायरीने. एझ्राचा लगाम अडकला म्हणून कोणी पुढे निघून गेला, असे त्या अंगणात कधी घडले नाही. त्याच्या जोडीला त्याच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, दाणा घालायचा नाही, पाण्यावरही न्यायचे नाही. असा तिथला रिवाज होता, आणि तो मोडण्यापेक्षा लोकांनी एक वेळ रविवारी नांगर धरला असता.

माणूस गर्विष्ठ होता, हे लपवण्यात अर्थ नाही. रविवारी प्रार्थना आटोपली की गावचे घोडेवान एकमेकांच्या शेतांच्या बांधावर उभे राहून नांगराने पाडलेली तासे पाहत. कोणाचे सरळ गेले, कोणाचे पोट सुटले. एझ्रा शिंपल्याच्या गुंड्यांचा कोट घालून जाई आणि दुसऱ्याच्या तासाकडे पाहून एवढेच म्हणे, “बरंय की. सशाला पळायला बरंय.” त्याच्या स्वतःच्या तासाला नावे ठेवायची छाती मात्र कोणाची नव्हती. नांगरलेल्या तासात डोळा लावून पाहिले तर पलीकडच्या कुंपणातले पक्ष्याचे घरटे दिसते, असे लोक म्हणत. आणि ते ऐकू आले नाही असे दाखवीत एझ्रा मान वळवी.

ही तासे ओढणारी जोडी म्हणजे डेपर घोडी आणि ब्रॅग घोडा. दोघेही आमच्याकडच्या जातीचे, तांबूस, आखूड पायांचे, पिंपासारख्या छातीचे. डेपर उजवीकडे, तासात चालायची. ब्रॅग डावीकडे, न नांगरलेल्या जमिनीवर. शिंगरे असल्यापासून दोघे एकाच नांगराला जुंपलेले. झोपायचेसुद्धा तबेल्याच्या मधल्या फळीला दोन्हीकडून टेकून.

डेपरच्या डोळ्यांत आधी पाणी यायला लागले, मग दुधाळ फूल पडले. एझ्राने ते सर्वांच्या आधी पाहिले आणि कोणालाही सांगितले नाही. फार्मचे मालक कॉर्डी यांचा नियम होता की नजर गेलेले जनावर शरदातल्या मायकेलमसच्या बाजाराला काढायचे; आणि आंधळी घोडी बाजारात कोण घेतो, तर घोडे कापणारा खाटीक. एझ्राने डेपरच्या डोळ्यांवरची झापडे तेवढी जरा पुढे ओढून बांधायला सुरुवात केली. तिच्या जवळ कोणी जायचे नाही हा रिवाज होताच. आंधळी घोडी दोन हंगाम त्या रिवाजाच्या आडोशाला चालली.

घरी मात्र आडोसा नव्हता. एक दिवस कणकेचे उकडलेले गोळे ताटात वाढता वाढता बायको केझायाने विचारले, “काय रे, घोडीला काय झालंय?”

“कुठल्या घोडीला?”

“तुला दहा बायका असल्यासारखा विचारू नकोस. डेपरला. आठवडाभर तू माझ्याशी गोड बोलतोयस. काहीतरी लपवल्याशिवाय तू गोड बोलत नाहीस.”

एझ्राने गोळा सुरीने कापला, आणि तसाच ठेवून सांगितले. केझायाने वाढायचा डाव खाली ठेवला. मग म्हणाली, “दिसत नाही म्हणतोस. आणि तासं तुझी पहिल्यासारखीच सरळ?”

“पहिल्यापेक्षा सरळ.”

“मग कोण बघतंय तिच्यासाठी?”

“तेच तर मला कळत नाहीये, केझी,” एझ्रा म्हणाला. त्याच्या तोंडून असे वाक्य निघालेले तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकले.

पुढे जे झाले ते चांगुलपणापायी झाले. ऑक्टोबर लागला आणि एझ्राची कंबर धरली. त्याला अंथरुणावरून उठता येईना. जोडी तबेल्यात उभी राहिली. तहानेने ब्रॅग फळीला लाथा घालू लागला तेव्हा पर्सी गॅरडला राहवले नाही. दुसऱ्याच्या जोडीला हात लावायचा म्हणून त्याने आधी टोपी काढली, आणि मग त्याच्या हातून ती चूक झाली. एझ्रा दोघांना नेहमी मोठ्या फाटकातून, बरोबरीने, पाण्यावर न्यायचा. आपण जोडी काढली असे कोणी म्हणू नये म्हणून पर्सीने त्यांना जोडीने नेलेच नाही. मागच्या अरुंद वाटेने त्याने ब्रॅगला पुढे घातले आणि लांब दोराने डेपरला त्याच्या मागे घेतले. मान राखण्यासाठी त्याने त्यांना रांगेत नेले.

डेपर चार पावले आली आणि थांबली. दोर ताठ झाला. तिने मान वर केली, डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, आणि ती थरथर कापू लागली. ज्या घोडीने ओल्या चिखलातून नांगर ओढताना कधी धाप टाकली नव्हती, तिचे चारी पाय त्या सपाट वाटेवर हलत होते. पर्सीने चुचकारले. तिने एक पाऊल टाकले आणि ती दगडी खांबावर जाऊन आदळली.

तिथेच कॉर्डी मालक उभे होते. त्यांनी झापडे वर केली, तिच्या डोळ्यांपुढे हात हलवला आणि झापडे पुन्हा खाली सोडली.

“किती दिवस झाले?” त्यांनी विचारले.

“मला नाही ठाऊक, मालक,” पर्सी म्हणाला. ते खरे होते. “मी नुसतं पाणी पाजायला काढली. एझ्राला सांगू नका मी काढली म्हणून.”

“एझ्राला मी पुष्कळच सांगणार आहे.”

कॉर्डी माणूस क्रूर नव्हता. त्याच संध्याकाळी ते एझ्राच्या घरी आले, टोपी गुडघ्यावर ठेवून बसले आणि म्हणाले की खाटकाला निरोप गेला आहे, शनिवारी गाडी येईल. “राग मानू नकोस, एझ्रा. उद्या ती कोणाच्या अंगावर गेली तर त्याच्या बायकोला मी काय सांगू?”

“दोन हंगाम कोणाच्या अंगावर गेली, मालक?”

“ब्रॅग होता म्हणून नाही गेली. तो नेतो, ती जाते. शिवाय तासात चालते. एका बाजूला मातीची भिंत, दुसऱ्या बाजूला तो, आणि दोघांच्या तोंडाला मधला पट्टा. तशी माझी आजीही चालली असती.”

“तुमची आजी नांगर ओढायची नाही,” एझ्रा पडल्या पडल्या म्हणाला. “आणि तो तिला नेत नाही. दोघं बरोबरीनं जातात.”

“शब्दांचा फरक आहे.”

हे बोलणे चालू असताना गावच्या शाळेच्या मिस फेन अंड्यांसाठी स्वयंपाकघरात आल्या होत्या. उंच, रोडक्या बाई, सगळ्या डेन्शॉलला त्यांनीच अक्षरे शिकवलेली, कॉर्डींनाही. त्या दारात येऊन कॉर्डींना म्हणाल्या, “शब्दांचाच फरक आहे, हर्बर्ट. म्हणून तर तो मोठा आहे.”

मग त्यांनी जे सांगितले ते केझाया पुढे मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. जोडी बरोबरीने चालली की आम्ही सगळे ‘अब्रेस्ट’ म्हणतो. जहाजे शेजारी शेजारी लागली, शिपाई एका फळीत चालले, तरी तोच शब्द. तो उच्चारताना त्यात काय आहे ते कोणी बघत नाही. आत ‘ब्रेस्ट’ आहे, म्हणजे ऊर. पाचेकशे वर्षांपूर्वी लोक ‘उरावर’ अशा अर्थाचे दोन सुटे शब्द म्हणत. जिभेवर घासून घासून पहिला शब्द झिजला, त्याचा नुसता ‘अ’ उरला आणि तो दुसऱ्याला चिकटला. खांद्याला खांदा असेही म्हणता आले असते. या शब्दाने खांदा सोडून ऊर धरला. दोन उरांची एक रेघ, एवढाच त्याचा मूळ अर्थ.

“आणि ती रेघ आहे तोवर,” मिस फेन म्हणाल्या, “पुढे कोणी नाही आणि मागे कोणी नाही. पुढे गेला तो अब्रेस्ट राहिला नाही. ब्रॅग तिला नेत असेल, तर एझ्रा म्हणतो तो शब्द खोटा. आणि शब्द खरा असेल, तर हर्बर्ट, तू म्हणतोस ते खोटं.”

“पाचशे वर्षांपूर्वी,” एझ्रा छताकडे पाहत म्हणाला. “म्हणजे कोणीतरी घोडेवानच असणार तो. हा शब्द काढणारा.”

“ते मला सांगता येणार नाही. शिपाई असेल, खलाशी असेल. कोणी लिहून ठेवलेलं नाही.”

“खलाशी,” एझ्रा तुच्छतेने म्हणाला. “बाई, जहाजाला ऊर असतो का?”

मिस फेन हसल्या. कॉर्डी हसले नाहीत, पण टोपी फिरवता फिरवता त्यांनी विचार केला असावा, कारण जाताना ते दारात थांबले. “शनिवारी सकाळी बारा एकराचं पहिलं तास ओढ,” ते म्हणाले. “सगळं पडीक रान आहे. डेपर डावीकडे, म्हणजे येताना-जाताना तिला मातीची भिंत मिळायची नाही. आणि मधला पट्टा सोडायचा. रेघ राहिली तर गाडी रिकामी परत जाईल. मोडली तर तू काही बोलायचं नाहीस.”

“लगामाचे दोरही सोडतो,” एझ्रा म्हणाला. “नाहीतर म्हणाल, दोरानं सांभाळली.”

“आवाजानंही सांभाळशील.”

“मग बोलणार नाही.”

कॉर्डी गेल्यावर केझाया म्हणाली, “तुझी ही जीभ एक दिवस कोणाचा तरी जीव घेईल.”

“पट्टा सोडून मी तिला कधी चालवलेली नाही,” एझ्रा म्हणाला, आणि त्याने भिंतीकडे तोंड केले.

शनिवारी तो काठी टेकत आला. कुंपणाला सगळे गाव टेकून उभे होते. पर्सी सर्वांत लांब, मान खाली घालून. फाटकाबाहेर खाटकाची गाडी उभी होती आणि गाडीवान पाव खात होता. जोडी जुंपली गेली. डेपरला आयुष्यात प्रथमच डावीकडे घेतले तेव्हा तिने दोनदा पाय आपटले आणि उजवीकडे नाक फिरवून ब्रॅगच्या मानेचा वास घेतला. नेहमीची बाजू गेली होती, पण जो हवा तो होता. एझ्राने दोघांच्या लगामांमधला पट्टा सोडून कॉर्डींच्या हातात दिला. दोर नांगराच्या रुमण्यांना, म्हणजे मुठींना, गुंडाळले. पलीकडच्या टोकाला झाडाची साल सोललेली पांढरी काठी रोवलेली होती. तिच्यावर त्याने नजर लावली, हातातली काठी फेकून रुमणी धरली आणि जिभेने एकदा टक् केले.

नांगर हलला.

जे पाहिले ते सांगणाऱ्यांनी पुढे कितीतरी वेळा सांगितले आणि प्रत्येक वेळी त्यांचा आवाज खाली गेला. त्या पडीक रानात धरायला काही नव्हते. भिंत नव्हती, पट्टा नव्हता, शब्द नव्हता. दोन तांबूस देह नुसते चालले होते. डेपरचा उजवा कान ब्रॅगकडे आडवा झाला होता आणि तो तिथून हलला नाही. थंडी होती, ब्रॅगच्या अंगातून वाफ निघून तिच्या कुशीवर जात होती आणि तिच्या कातडीवर लहान लहान लाटा उठत होत्या, वाऱ्याने तळ्यावर उठतात तशा. त्याचे पाऊल पडायचे आणि त्याच क्षणी तिचे पडायचे, नंतर नव्हे. पर्सी आधी कुजबुजला की ती त्याचे पाऊल ऐकून टाकते आहे, आणि मग स्वतःच म्हणाला, “नाही. ऐकून टाकलं असतं तर मागं पडलं असतं.” ऐकायलाही वेळ लागतो. तिथे तेवढासुद्धा वेळ नव्हता. दोन गळपट्टे एका पातळीवर चालले होते. बाजूने पाहणाऱ्याला जवळचा तेवढा दिसत होता आणि दूरचा त्याच्या आड बुडालेला होता, जणू एकच घोडा चालला आहे.

शेताचा मध्य आला आणि ब्रॅगच्या पायांखालून तितरांचा थवा फडफडत उठला. ब्रॅग बिथरला. त्याने मान उडवली, अंग उजवीकडे फेकले आणि त्याची नांगर ओढायची साखळी सैल पडून खणखणली. कुंपणावरून कोणीतरी “गेली” म्हणाले. कॉर्डींनी हातातला पट्टा मुठीत आवळला. एझ्राचे तोंड उघडले. त्याच्या ओठांवर जोडीला सावरायचा शब्द आलेला लोकांनी पाहिला, आणि त्याने तो गिळलेलाही पाहिला.

डेपरने तितर पाहिले नव्हते. फडफड तिने ऐकली असेल, पण ती दचकली नाही. तिचा कान तसाच आडवा. शेजारची ऊब एकाएकी गेली, तेव्हा तीही तिकडे धावली असती तर कोणी तिला दोष दिला नसता. आंधळ्या जिवाचा तेवढाच आधार होता. ती गेली नाही. तिने पाऊल आखूड केले, पूर्ण नांगराचे ओझे एकट्या छातीवर घेतले, आणि ज्या रेघेवर होती त्याच रेघेवर चालत राहिली. जो बघत होता तो भरकटला होता; जी बघत नव्हती ती जागेवर होती. ब्रॅगने दोन-तीन उड्या घेतल्या, फुरफुरला, आणि मग त्याचे डोके हळूहळू आत वळले. त्याचा ऊर तिच्या उराशी येऊन लागला. साखळी पुन्हा ताठ झाली. डेपरने पाऊल लांब केले.

पुरुषांनी टोप्या काढल्या होत्या. कोणी कोणाला सांगून नव्हे. मिस फेन यांनी तोंडावर हात धरला होता. पलीकडच्या टोकाला पांढरी काठी नांगराच्या फाळाला लागून आडवी पडली तेव्हा एझ्रा थांबला आणि रुमण्यांवर डोके टेकून उभा राहिला. तो कंबरेमुळे वाकला होता, असे तो नंतर सांगे.

कॉर्डी तासातून चालत गेले. तितर उठले त्या जागी ते खाली बसले. ब्रॅगचे खूर भरकटलेले दिसत होते. डेपरचे खूर नव्हते. तास तर काडीइतकेही वाकलेले नव्हते. कॉर्डी उठले, जोडीपाशी आले आणि बराच वेळ त्या दुधाळ डोळ्यांकडे पाहत राहिले.

“मी म्हटलं होतं, तो नेतो,” ते अखेर म्हणाले.

“म्हटलं होतं खरं,” एझ्रा म्हणाला. “तितरांनी ऐकलं नाही.”

कॉर्डींनी मधला पट्टा त्याच्या हातात परत दिला. एझ्राने तो खिशात घातला आणि पुढे कधीच बांधला नाही. गाडीवानाने उरलेला पाव गुंडाळला, घोडी कोणती ते एकदा पाहू द्या म्हणून विनंती केली, लांबूनच पाहिली, आणि तो रिकामी गाडी घेऊन गेला.

डेपर त्यानंतर कित्येक मायकेलमस जगली, आणि ट्रॅक्टर येईपर्यंत बारा एकराचे पहिले तास तिनेच ओढले. ब्रॅग तिच्या आधी गेला. त्या दिवसापासून तिला नांगराला जुंपले नाही. दुसरा घोडा शेजारी उभा करून पाहिला, तर तिने त्याचा वास घेतला आणि ती शांतपणे फळीला टेकून उभी राहिली. थंडी पडायच्या आत तीही गेली.

एझ्राने दोन्ही गळपट्टे स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या भिंतीवर टांगले. केझायाची चिनी मातीची ताटे त्यासाठी खाली उतरली, आणि त्यावरून घरात जे बोलणे झाले ते शेजाऱ्यांनी ऐकले. “घोड्यांना भिंत आणि ताटांना खोका,” केझाया म्हणाली.

“ताटं एकावर एक राहतात,” एझ्रा म्हणाला. “हे नाही राहत.” त्याने दोरी ताणून दोन्हींची पातळी बघितली आणि मगच खिळे ठोकले. दोघे नवराबायको रविवारी अरुंद गल्लीतून प्रार्थनेला जात तेव्हा पाद्रीबाबांना सायकलवरून उतरून गवतात उभे राहावे लागे. कारण एझ्रा पुढे होत नसे आणि केझाया मागे होत नसे.

तो गेला, आणि तिने गळपट्टे तेव्हा उभारणी चालू असलेल्या संग्रहालयाला दिले. देताना एकच अट तोंडी घातली, व्यवस्थापकांच्या समक्ष आणि आणखी माणसांच्या समक्ष: शेजारी शेजारी, एका पातळीत. त्यांनी मान डोलावली. पुढच्या हिवाळ्यात तीही गेली, आणि भिंत अरुंद झाली.

त्या भिंतीवर आज जे टांगले आहे ते पर्सी गॅरडने भलेपणाने एकदा केले होते, आणि घोडी खांबावर आदळली होती. पर्सीला ठाऊक नव्हते. यांना सांगितलेले आहे.

म्हणून वाचकांकडे मागणी अशी. संग्रहालय मंगळवार सोडून रोज उघडे असते. आपण तिथे जा. जिन्याशेजारी उभे राहा आणि जो कोणी कामावर असेल त्याला सांगा की पाटीवरचा ‘वाटाड्या’ हा शब्द खोडा, आणि डेपर व ब्रॅग यांचे गळपट्टे तिथून काढून रुंद भिंतीवर, उराला ऊर लावून, टांगा. तो भिंतीचे कारण सांगेल. तुम्ही तिथेच उभे राहा.